‘प्रति’ची ओळ आधी वाचा : गटाच्या मेलला उत्तर देताना

पहिल्या पावसानंतर मुरबाडकडच्या एका ताईंनी आमच्या रानवनस्पतींच्या ईमेल गटावर फोटो पाठवला होता. ओल्या मातीतून वर आलेले पाच-सहा कोंब, बहुतेक अजून गुंडाळलेलेच. खाली एक ओळ : ‘ही शेवळंच ना? उद्या भाजी करायची आहे.’ दहा मिनिटांत एका सभासदाचं उत्तर सगळ्यांना आलं : ‘हो, शेवळंच. काकडं (शेवळांच्या भाजीत घालतात ती रानफळं) घाला म्हणजे खाजणार नाही.’ आमच्यात वनस्पतिशास्त्र शिकवलेले एक सर आहेत. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. एका कोंबाचं टोक उघडायला लागलं होतं आणि नागाने फणा काढावा तसं पुढे वाकलं होतं. सरांनी लगेच लिहिलं : ‘हा सापकांदा आहे. खाऊ नका.’

सरांचा मेल ताईंना वेळेत मिळाला, भाजी झाली नाही. पण सरांनी नुसतं ‘रिप्लाय’ दाबलं होतं आणि आमच्या गटात तेव्हा ‘रिप्लाय’ फक्त लिहिणाऱ्याला जायचा. बाकीच्या चारशे जणांकडे ‘हो, शेवळंच’ एवढंच राहिलं. दोन पावसाळ्यांनंतर दुसऱ्या एका सभासदाने गटाचे जुने मेल चाळले, त्या फोटोशी आपल्याकडचे कोंब ताडून पाहिले आणि भाजी केली. घरातल्या दोघांची तोंडं आणि घसे सुजले, रात्री दवाखाना गाठावा लागला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला. ते म्हणाले, ‘अहो, गटावरच तर लिहिलं होतं.’

त्या गटाची व्यवस्था मी बघते. त्या फोनपासून नव्या सभासदाला मी आधी एकच गोष्ट शिकवते : उत्तर कुणाला जातंय ते बघायचं. आजवर सुटं सुटं सांगत आले, ते इथे सलग लिहून काढते.

गटाचा एक पत्ता असतो. त्यावर मेल पाठवला की तो सगळ्या सभासदांना जातो आणि एक प्रत गटाच्या दप्तरात कायमची राहते. इथपर्यंत कुणाचं चुकत नाही. उत्तराला मात्र दोन वाटा असतात, एक लिहिणाऱ्याकडे जाते आणि एक गटाकडे. आपलं उत्तर कोणत्या वाटेने जाईल हे आपण कोणतं बटण दाबलं आणि गटाची व्यवस्था कशी लावली आहे, या दोन्हींवर ठरतं.

नोकरीत मी बरीच वर्षं बारनिशीत काढली. पत्र आलं की आवक क्रमांक, गेलं की जावक क्रमांक. ‘प्रति’खाली ज्याने काम करायचं त्याचं पदनाम, मग ‘विषय’, मग ‘संदर्भ’ म्हणून आधीच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक, आणि तळाला ‘प्रत माहितीसाठी सविनय सादर’ असं लिहून ज्यांना नुसतं कळवायचं त्यांची नावं. मुलीने ईमेल शिकवला तेव्हा मला सगळं ओळखीचं वाटलं. ‘टू’ म्हणजे प्रति. ‘सीसी’ म्हणजे माहितीसाठी प्रत. ते नावच कार्बन कॉपीवरून आलंय. प्रत्येक मेलला ‘मेसेज आयडी’ असतो, तो झाला जावक क्रमांक. उत्तर देताना आधीच्या मेलचा हा क्रमांक ‘इन-रिप्लाय-टू’ नावाच्या, एरवी न दिसणाऱ्या ओळीत आपोआप बसतो, तो संदर्भ. त्या संदर्भाच्या आधारानेच सवाल आणि जबाब एका धाग्यात ओवले जातात.

याशिवाय एक ओळ असते, ‘रिप्लाय-टू’. १९८२ च्या आरएफसी ८२२ या ईमेलच्या मानकातही ती आहे. ‘माझ्या पत्राचं उत्तर या पत्त्यावर पाठवावं’ अशी ती मूळ लिहिणाऱ्याची विनंती. गटांच्या मेलमधला बराचसा गोंधळ या एका ओळीपाशी होतो. काही गट प्रत्येक मेलमध्ये या ओळीत स्वतःचा पत्ता घालतात, मग साधा ‘रिप्लाय’ दाबला तरी उत्तर सगळ्यांना जातं. काही गट ती ओळ जशी आली तशी ठेवतात, तिथे ‘रिप्लाय’ लिहिणाऱ्या एकट्याला जातो आणि गटाला पोचवायचं तर ‘रिप्लाय ऑल’ लागतं. बटणाकडे बघून आपला गट यातला कोणता हे कळत नाही. तुम्ही दोन गटांत असाल आणि दोघांची व्यवस्था उलटी असेल तर हात हमखास चुकतो.

म्हणून पहिली सवय ही लावा : ‘रिप्लाय’ दाबल्यावर लिहायला लागण्याआधी ‘टू’ची ओळ वाचायची. मोबाइलवर ती ओळ मिटलेली असते, शेजारच्या छोट्या बाणावर बोट ठेवलं की उघडते. उघडल्यावर नुसतं नाव वाचून थांबू नका, पत्ता वाचा. नाव फसवतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने असा नियम जाहीर केला, की आमच्या पत्त्याच्या नावाने पण दुसऱ्याच ठिकाणाहून निघालेला मेल कुणी स्वीकारू नये. खोटे मेल थांबावेत म्हणून केलेला नियम, पण गट नेमकं तेच करत असतात : सभासदाच्या नावाचा मेल आपल्या यंत्रावरून पुढे पाठवतात. तेव्हापासून पुष्कळ गट पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालू लागले. ‘अमुक व्हाया गट’ असं नाव दिसतं ते त्यामुळे. नाव तुमच्या मैत्रिणीचं असतं आणि मागचा पत्ता चारशे जणांचा. मैत्रीण समजून सासूबाईंच्या दुखण्याचं सविस्तर लिहिलेलं एक पत्र मी आमच्या गटावर आलेलं पाहिलंय. त्या बाईंनी पुढे वर्षभर गटावर अक्षर लिहिलं नाही.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची सोय बरी आहे, तिथे गटाच्या मेलवर ‘रिप्लाय लिस्ट’ असं वेगळंच बटण येतं आणि उत्तर थेट गटालाच जातं. जीमेलमध्ये असं बटण नाही. तिथे सेटिंगमध्ये ‘रिप्लाय’ आणि ‘रिप्लाय ऑल’ यांपैकी नेहमीचं कोणतं ते निवडून ठेवता येतं. माझा आग्रह ‘रिप्लाय’च ठेवण्याचा आहे. एकट्याला गेलेलं उत्तर नंतर सगळ्यांना पाठवता येतं, सगळ्यांना गेलेलं परत आणता येत नाही. त्याच सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची, म्हणजे पाठवणं रद्द करण्याची मुदत ५ सेकंदांवरून ३० सेकंदांवर न्या. पाठवल्या क्षणीच चूक ध्यानात येते, असा माझा अनुभव आहे.

आता काय गटाला पाठवायचं आणि काय एकट्याला. मी स्वतःला विचारते : मूळ प्रश्न ज्यांनी वाचला त्यांना हे उत्तर उपयोगी आहे का? ओळख पटवणारं उत्तर, दुरुस्ती, ‘मलाही हे झाड तिथेच दिसलं’ अशी नोंद, हे सगळं गटाचं. त्यातही दुरुस्ती सगळ्यात आधी. आपल्याकडे चारचौघांत कुणाची चूक दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून जाणकार माणसं दुरुस्ती हळूच एकट्याला कळवतात. सरांनीही तसंच केलं असावं, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. हा चांगुलपणा आहे, पण चुकीचं उत्तर जिथे गेलं तिथे बरोबर उत्तर जायलाच हवं. माणसाला न दुखवता लिहिता येतं : ‘टोकाचा बाक पाहता हा सापकांदा वाटतो. गुंडाळलेला असताना चुकणं साहजिक आहे.’ एवढ्याने कुणाचा अपमान होत नाही.

आमच्यासारख्या गटाला तर दप्तर फार मोलाचं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. एका फुलोऱ्यात विचारलेला प्रश्न पुढच्या फुलोऱ्यात दुसराच कुणी विचारतो. तोवर मोबाइल दोनदा बदललेला असतो, व्हॉट्सअॅपचं जुनं काही सापडत नाही. गटाच्या दप्तरात मात्र उत्तर सापडतं, जर ते गटाला पाठवलं असेल तर.

एकट्याला पाठवायच्या गोष्टी : आभार, अभिनंदन, फोन नंबर, घरचा पत्ता, बी किंवा रोप कुरियरने पाठवण्याचा व्यवहार, तब्येतीची विचारपूस, कुणाच्या भाषेबद्दल किंवा वागण्याबद्दलची तक्रार. झाडांच्या गटात अजून एक : दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा. गटाला तालुका सांगा, पायवाट सांगू नका. कंद उपटून नेणारेही मेल वाचतात. कुणी गेल्याची बातमी आली की साठ-सत्तर जण एकेका ओळीची श्रद्धांजली गटावर पाठवतात. भावना खरी असते, पण ती ज्यांच्यासाठी असते ते घरचे लोक गटावर नसतातच. अशा वेळी गटातर्फे मी एक पत्र लिहिते आणि घरच्यांची परवानगी असेल तर मागेल त्याला त्यांचा पत्ता देते. हाताने लिहिलेली चार पत्रं त्या घरी पोचली की त्याचं मोल वेगळंच असतं.

कधी कधी खासगी उत्तरच असं निघतं की ते सगळ्यांना कळायला हवं. तेव्हा ते आपल्या मनाने गटावर ढकलू नका. एकट्याला लिहिताना माणूस मोकळेपणाने लिहितो, त्यात दुसऱ्याचं नाव असतं, घरगुती काही असतं. आधी विचारायचं : ‘सर, एवढा भाग गटावर घालू का?’ हो म्हणाले की तेवढाच भाग घ्यायचा आणि वर लिहायचं, ‘सरांनी मला खासगीत कळवलं होतं, त्यांच्या परवानगीने.’ उलट बाजूही असते. गटावर दोघांचं संभाषण रंगलं आणि त्यात बाकीच्यांचं काही उरलं नाही, तर ‘पुढचं आपण खासगीत बोलू’ अशी एक ओळ गटावर लिहून मग पत्ता बदलायचा. ही ओळ टाळू नका, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटतं प्रश्न अर्धवटच सुटला.

‘रिप्लाय ऑल’ दाबल्यावर बहुधा गटाचा पत्ता आणि लिहिणाऱ्याचा पत्ता दोन्ही येतात, म्हणजे लिहिणाऱ्याला एकच उत्तर दोन वाटांनी जातं. हे चालतं का? गटागटाची रीत निराळी. डेबियन या संगणकाच्या मुक्त प्रणालीच्या गटांवर स्पष्ट नियम आहे, की मागितल्याशिवाय मूळ लिहिणाऱ्याला वेगळी प्रत पाठवू नये. लिनक्स प्रणालीच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, काम करणाऱ्यांच्या गटावर नेमकं उलट : सीसीतलं एकही नाव गाळायचं नाही, कारण तिथे सभासद नसलेलेही लिहितात आणि मेलचा ढीग इतका असतो की आपलं नाव वगळलं तर उत्तर नजरेलाच पडत नाही. दोन्ही नियमांमागे विचार आहे. आमच्यासारख्या छोट्या गटात मी डेबियनची रीत सांगते, गटाचा पत्ता ठेवा आणि बाकीचे पुसा. एक अपवाद आहे : मूळ प्रश्न गटाबाहेरच्या माणसाचा असेल आणि कुणा सभासदाने तो पुढे पाठवला असेल, तर त्या माणसाला सीसीत ठेवायलाच हवं. त्याच्यापर्यंत दुसरी वाट नाही.

बीसीसीबद्दल, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्रतीबद्दल थोडंसं. गट नसताना चाळीस जणांना सहलीचं कळवायचं असेल तर सगळे पत्ते बीसीसीत घाला आणि ‘टू’मध्ये स्वतःचा पत्ता ठेवा. कुणाचा पत्ता उघडा पडत नाही आणि ‘मी येते’ हे उत्तर चाळीस जणांना जात नाही. स्वतःला कुणी बीसीसीत ठेवलं असेल तर मात्र तिथून ‘रिप्लाय ऑल’ कधीही करू नये. कार्यालयात गोपनीय प्रत आली की ती फाइलला लावून गप्प बसायचं, तसंच हे.

विषयाची ओळ हाही पत्त्याचाच भाग समजा, कारण लोक ती वाचूनच मेल उघडायचा की नाही ते ठरवतात. नवा प्रश्न विचारायचा तर नवा मेल लिहा. बरेच जण गटाचा पत्ता शोधायचा कंटाळा करतात, हाताशी येईल त्या जुन्या मेलला ‘रिप्लाय’ करतात आणि विषय खोडून नवा लिहितात. जीमेलवाल्यांना तो नवा धागा दिसतो. पण संदर्भ क्रमांक आत जुनाच असतो, त्यामुळे इतर प्रणालींत तो मेल जुन्याच धाग्याला लोंबकळतो आणि दप्तरातही तिथेच जातो. करवंदाच्या चर्चेखाली दडलेला बिब्ब्याचा प्रश्न मी स्वतः काढून वेगळा लावलाय. दिवसभराचे मेल एकत्र गठ्ठ्याने घेणाऱ्यांनी तर फारच जपावं : गठ्ठ्याला उत्तर दिलं की विषयाच्या जागी ‘डायजेस्ट’ आणि एक आकडा येतो, खाली वीस मेलचा मजकूर येतो. विषय बदला, ज्याला उत्तर देताय तेवढ्या चार ओळी ठेवा, बाकी पुसा. उत्तर कुणाला आहे हे पहिल्याच ओळीत नाव घेऊन लिहा. ‘हो, बरोबर’ एवढंच लिहिलं तर चारशे जणांनी कोणाचं बरोबर धरायचं?

गट सोडायचा असला तर गटावर ‘मला काढा’ असं लिहू नये. प्रत्येक मेलच्या तळाशी बाहेर पडायची लिंक दिलेली असते. गूगल ग्रुप्समध्ये गटाच्या नावापुढे अधिक चिन्ह आणि इंग्रजीत ‘अनसबस्क्राइब’ जोडून त्या पत्त्यावर रिकामा मेल पाठवला तरी काम होतं. न जमल्यास व्यवस्थापकाला एकट्याला लिहा. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आतल्या ‘बेडलॅम डीएल ३’ नावाच्या यादीवर एकाने ‘मी या यादीत का? मला काढा’ असं सगळ्यांना लिहिलं. यादीत १३ हजारांच्या आसपास लोक होते. ‘मलाही काढा’, मग ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ असं सगळ्यांनाच सांगणारी उत्तरं, आणि तिथली मेलची यंत्रणा बसली. असा लोंढा आला की आपण एकही अक्षर लिहायचं नाही, तेवढंच आपल्या हातात असतं. सुट्टीवर जाताना लावलेलं आपोआप उत्तर गटावर येतं तेही असंच. जीमेलमध्ये ते फक्त आपल्या ओळखीच्या पत्त्यांना जाईल अशी खूण करता येते, ती करा.

नव्यांची अजून एक अडचण असते. जीमेलवरून गटाला पाठवलेला आपलाच मेल आपल्या इनबॉक्समध्ये परत येत नाही. लोकांना वाटतं गेलाच नाही, ते पुन्हा पाठवतात, तिसऱ्यांदा पाठवतात. आधी गटाच्या दप्तरात बघा, तिथे असेल तर तो सगळ्यांना गेलेला आहे.

चूक झालीच तर? खासगी मजकूर गटावर गेला असेल तर ताबडतोब व्यवस्थापकाला फोन करा. दप्तरातली प्रत आम्ही काढू शकतो, लोकांच्या पेटीतली नाही. गटावर दोन ओळींची माफी मागा आणि थांबा. लांबलचक खुलासा केला की ज्यांनी वाचलं नव्हतं तेही शोधून वाचतात. उलट चूक झाली, म्हणजे गटाचं उत्तर एकट्याला गेलं, तर ‘सेंट’मधून तोच मेल उघडा, मजकूर घ्या, मूळ प्रश्नाच्या धाग्यात ‘रिप्लाय ऑल’ करून पुन्हा पाठवा. ‘फॉरवर्ड’ करू नका, त्याने धागा तुटण्याचा संभव असतो.

गट चालवणाऱ्यांसाठीही थोडं लिहिते, कारण व्यवस्था आपण लावतो. मेलमन या गट चालवायच्या प्रणालीत उत्तर मूळ लिहिणाऱ्याकडे जाऊ द्यावं अशी ठाम शिफारस केलेली असते. कारण खरं आहे : गटाने ‘रिप्लाय-टू’ बदलली की खासगी समजून लिहिलेलं चारचौघांत जातं आणि लिहिणाऱ्याने स्वतः घातलेला पत्ता पुसला जातो. पुष्कळ वर्षं मीही तीच रीत ठेवली. सापकांद्याच्या प्रकारानंतर मी सभासदांशी बोलले आणि आमची व्यवस्था बदलून उत्तर गटाकडे वळवलं. आमच्याकडे निम्मे लोक साठीच्या पुढचे, बहुतेकांच्या हातात मोबाइल, आणि दडून राहिलेल्या दुरुस्तीची किंमत आम्ही पाहिली होती. दुसऱ्या गटाने, समजा एखाद्या रुग्ण-आधार गटाने, माझं अनुकरण करू नये. तिथे चुकून उघड झालेल्या एका वाक्याने माणूस कायमचा दुखावेल. काहीही ठरवा, पण तळटीपेत साध्या मराठीत लिहा. आमच्या प्रत्येक मेलखाली असतं : ‘रिप्लाय दाबल्यास उत्तर सर्वांना जाईल. फक्त लिहिणाऱ्याला कळवायचं असल्यास त्यांचा पत्ता ‘टू’मध्ये स्वतः घाला.’ व्यवस्था बदलली त्या महिन्यात मी दर सोमवारी वेगळा मेल पाठवून ते सांगत होते, तरी दोघांचं चुकलंच.

ताईंच्या त्या फोटोचा धागा मी पुसला नाही. सरांची परवानगी घेतली, त्यांचा खासगी मेल त्याच धाग्यात घातला आणि विषयाच्या ओळीत ‘दुरुस्ती : हा सापकांदा आहे, खाऊ नये’ असं जोडलं. ज्या सभासदाने ‘हो, शेवळंच’ लिहिलं होतं त्यांनी खाली स्वतःहून लिहिलं, की माझं उत्तर चुकलं होतं. आता दर वर्षी मे संपता संपता, पहिल्या सरीच्या आधी, मी त्या धाग्याला ‘रिप्लाय’ देते, ‘टू’मध्ये गटाचा पत्ता आहे ना ते बघते आणि दोन्ही कोंबांचे फोटो शेजारी शेजारी लावून पुन्हा पाठवते.